इंदूरमध्ये माणूस ठेवण्याआधी: कोर्टाच्या आणि पोलिसांच्या नोंदी कशा पाहाव्यात

वरचा मजला भाड्याने द्यायचा असतो, आजारी सासूबाईंजवळ दिवसभर थांबणारी बाई हवी असते, दुकानात गल्ल्यावर बसायला मुलगा हवा असतो. रामबाग असो, सुदामानगर असो की राजेंद्रनगर, अजूनही बहुतेक घरांत हे कोणाच्या तरी शब्दावर ठरते. ओळख जरूर बघावी, पण तिच्या जोडीला दोन-तीन तास नोंदी चाळायला काढावेत. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. फक्त कुठे काय दिसते आणि कुठे काहीच दिसत नाही, हे आधी माहीत असायला हवे.

आपल्या देशात नाव टाकले की त्या माणसावरचे सगळे गुन्हे दाखवणारी एकही यादी लोकांसाठी खुली नाही. ठाण्यांना जोडणारी सीसीटीएनएस ही यंत्रणा पोलिसांपुरती आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ मध्ये सुरू झाली, तीही फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांनाच पाहता येते. म्हणून कोणी खाजगी संस्था ‘पोलीस डेटाबेसमधून तपासणी’ करून देते म्हणाली, तर कोणता डेटाबेस, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा त्या कोर्टाच्या खुल्या नोंदीच चाळतात, आणि ते काम तुम्हीही करू शकता.

आधी माणसाकडून कागद

संगणक उघडण्याआधी उमेदवाराकडून एक पान भरून घ्या. त्यात पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, लग्नाआधीचे किंवा बदललेले नाव आणि गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, गाव आणि जिल्ह्यासकट, असू द्यात. कोर्टाच्या संकेतस्थळावर शोध जिल्ह्यावार चालतो. माणूस चार वर्षे खरगोनला होता हे तुम्हाला माहीतच नसेल, तर इंदूरची नोंद कितीही चाळली तरी हाती काही लागणार नाही.

त्याच पानावर चार प्रश्न वेगवेगळे विचारा. तुमच्यावर कधी एफआयआर झाली आहे का? कधी अटक झाली आहे का? कोर्टात सध्या एखादा फौजदारी खटला चालू आहे का? कधी शिक्षा झाली आहे का? ‘तुमच्यावर काही केस वगैरे आहे का’ असा एकच मोघम प्रश्न विचारलात, तर नंतर ‘लपवले’ असे म्हणायला जागा उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात नोकरीच्या फॉर्मबद्दल हेच सांगितले आहे: माहिती लपवली की नाही हे ठरवायचे तर फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा, मोघम नको. शेवटी एक ओळ संमतीची लिहून घ्या, की कोर्टाच्या आणि पोलिसांच्या नोंदी तपासायला माझी हरकत नाही. खाली सही आणि तारीख.

बरेच लोक इथेच खरे सांगून टाकतात. ज्याने स्वतःहून सांगितले, त्याचे नीट ऐकून घ्या.

ई-कोर्ट्सवर नाव शोधणे

ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचे संकेतस्थळ किंवा ॲप उघडा. ‘केस स्टेटस’मध्ये जाऊन राज्य मध्य प्रदेश, जिल्हा इंदूर आणि मग कोर्ट कॉम्प्लेक्स निवडा. पुष्कळ जण इथेच चुकतात. जिल्हा इंदूर निवडला म्हणजे सगळा जिल्हा आला असे होत नाही. शहराचे कोर्ट वेगळे दिसते. महू, देपालपूर, सांवेर इथली कोर्टे वेगळी. पिथमपूरच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाचे प्रकरण धार जिल्ह्यात निघेल. प्रत्येक कॉम्प्लेक्स वेगळे निवडून शोधावे लागते.

‘पार्टी नेम’मध्ये नावाची किमान तीन अक्षरे आणि नोंदणीचे वर्ष लागते. वर्ष एका वेळी एकच घेता येते. म्हणजे दहा वर्षे पाहायची तर दहा वेळा. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही पाहा. फक्त प्रलंबित पाहिले, तर शिक्षा होऊन संपलेले प्रकरण, म्हणजे नेमके जे हवे तेच, निसटते.

आता नावाची गोष्ट, कारण अर्धे काम तिथेच बिघडते. या नोंदी रोमन लिपीत भरलेल्या असतात आणि भरणारा कारकून ऐकू येईल तसे लिहितो. समजा माणसाचे नाव सुनील वसंत पवार आहे. पवार हे डब्ल्यू घालून लिहिलेले असेल किंवा व्ही घालून. माळव्यात ‘पंवार’ आडनाव भरपूर, त्यामुळे मध्ये एन घुसलेला असू शकतो. सुनील कधी आय एकदा, कधी ई दोनदा. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये येते, तर इथल्या ठाण्यात आणि कोर्टात ‘सुनील पिता वसंत पवार’ असे लिहितात. कित्येकदा आडनाव गळूनच जाते आणि नोंद ‘सुनील पिता वसंत’ एवढीच उरते. म्हणून पूर्ण नाव टाकून ‘रेकॉर्ड नाही’ आले की थांबू नका. फक्त पहिले नाव टाका, यादी मोठी आली तरी चालेल, आणि त्यात वडिलांचे नाव डोळ्यांनी शोधा. मग फक्त आडनाव, वेगवेगळ्या स्पेलिंगने. ‘शिंदे’चा ‘सिंदे’ होतो, ‘देशपांडे’तला एच गळतो. बाईंचे प्रकरण असेल तर माहेरचे नाव आणि ‘पती’ असे लिहिलेले नाव, दोन्ही.

फौजदारी प्रकरणात समोरचा पक्ष बहुधा ‘स्टेट ऑफ एम. पी.’ असतो आणि आपला माणूस प्रतिवादीच्या रकान्यात. दोघे-तिघे आरोपी असतील तर यादीत पहिल्याचेच नाव ठळक दिसते, बाकीचे ‘अँड अदर्स’मध्ये लपतात. शंका आली तर प्रकरण उघडून आत सगळी नावे पाहा.

उघडल्यावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक दिसेल. तो आधी लिहून घ्या. पुढच्या वेळी हा एक क्रमांक टाकला की थेट तेच प्रकरण उघडते.

प्रकरण क्रमांकाच्या आधी एक संक्षेप असतो. आरसीटी म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यापुढचा नियमित फौजदारी खटला. एसटी म्हणजे सत्र खटला, म्हणजे गंभीर गुन्हा. एससी एनआयए म्हणजे चेक न वटल्याचे प्रकरण. व्यापारी घराण्यातल्या माणसाच्या नावावर चेकची दोन प्रकरणे निघाली म्हणून तो चोर ठरत नाही. मात्र तुम्ही त्याला भाड्याने गाळा देत असाल, तर ती माहिती निश्चित उपयोगाची आहे.

उच्च न्यायालयाचे इंदूर खंडपीठ

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला, खंडपीठे इंदूर आणि ग्वाल्हेरला. त्यांच्या संकेतस्थळावर खंडपीठ निवडून नावाने शोधता येते. जामिनाचे अर्ज इथे एमसीआरसी या नावाखाली नोंदलेले असतात आणि त्यात माणूस स्वतःच अर्जदार असतो, त्यामुळे नाव ठळक दिसते. जामिनाचा आदेश दोन-तीन पानांचाच असतो, पण त्यात गुन्हा क्रमांक (म्हणजेच एफआयआरचा क्रमांक), ठाण्याचे नाव, कलमे आणि बऱ्याचदा आधीच्या प्रकरणांचा उल्लेखही असतो. खालच्या कोर्टात स्पेलिंगमुळे जे सापडले नाही, ते या आदेशातल्या गुन्हा क्रमांकावरून सापडते. ई-कोर्ट्सवर ‘एफआयआर नंबर’ने शोधायची सोय आहे: ठाणे, क्रमांक, वर्ष. नावापेक्षा हा शोध कितीतरी पक्का.

इथली कोर्टाची हिंदी समजून घ्या

इथल्या खालच्या कोर्टांतले निकाल बहुधा हिंदीत असतात. आपल्याला हिंदी येतेच, या भरवशावर वाचायला गेलात तर काही शब्द दगा देतात. सर्वांत धोक्याचा ‘राजीनामा’. मराठीत तो नोकरी सोडताना देतात. इथल्या कोर्टात ‘राजीनामा के आधार पर’ म्हणजे दोन्ही पक्षांत तडजोड झाली. जी प्रकरणे कायद्याने तडजोडीला पात्र आहेत, त्यांत अशी तडजोड नोंदली गेली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो.

‘दोषमुक्त’ म्हणजे खटला चालून निर्दोष सुटला. ‘उन्मोचित’ म्हणजे खटला उभाच राहिला नाही, आरोप ठेवण्याआधीच सोडले. ‘दोषसिद्ध’ म्हणजे गुन्हा सिद्ध. ‘चालान पेश’ म्हणजे दोषारोपपत्र दाखल झाले, त्याचा वाहतुकीच्या दंडाशी संबंध नाही. ‘खात्मा’ म्हणजे पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला. ‘खारिजी’ म्हणजे तक्रारीत तथ्य नाही असा अहवाल. ‘कायमी’ म्हणजे गुन्हा नोंदवणे. ‘जिलाबदर’ म्हणजे आपला तडीपार. ‘स्थायी वारंट’ दिसले तर थांबून नीट वाचा: आरोपी हजर राहत नव्हता, पळालेला होता, असा त्याचा अर्थ.

कलमांचाही घोळ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमे लागतात. म्हणून एकाच माणसाच्या दोन नोंदींत दोन कायदे दिसू शकतात. घरी किंवा दुकानात माणूस ठेवताना पाहायची कलमे अशी: नोकराने मालकाकडे केलेली चोरी पूर्वी ३८१, आता ३०६. नोकराने किंवा कारकुनाने केलेला विश्वासघात पूर्वी ४०८, आता ३१६(४). साधी चोरी पूर्वी ३७९, आता ३०३(२). फसवणूक पूर्वी ४२०, आता ३१८(४). गल्ल्यावर बसवायच्या माणसाच्या नावावर ४०८ सिद्ध झालेले असेल, तर आणखी विचार करायची गरज नाही. उलट शेजाऱ्याशी भांडणातले मारहाणीचे ३२३ आणि शिवीगाळीचे २९४, आताचे ११५(२) आणि २९६, गल्लीतल्या नळावरूनही लागते. आणि ४९८-अ (नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ), आताचे ८५, पाहताना एवढे ध्यानात ठेवा की अशा तक्रारीत पुष्कळदा सगळ्या कुटुंबाची नावे येतात, मग निकाल वाचल्याशिवाय मत बनवू नका.

एफआयआर

यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला, की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी. अडचणीच्या ठिकाणी ही मुदत ७२ तासांपर्यंत जाऊ शकते. मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख किंवा क्रमांक देऊन प्रत पाहता येते. ठाणे बरोबर निवडा: नोंद घराच्या पत्त्याच्या ठाण्यात नसते, घटना जिथे घडली तिथल्या ठाण्यात असते. अन्नपूर्णा ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाचे प्रकरण लसूडियात किंवा विजयनगरात निघू शकते.

प्रतीत सातव्या रकान्यात आरोपीचे नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता असतो, बाराव्यात हकीकत. सातव्यात ‘अज्ञात’ लिहिले असेल तर तपासात पुढे कोण निघाले हे एफआयआरवरून कळत नाही. त्यासाठी परत ई-कोर्ट्सवर, एफआयआर क्रमांकाने.

एफआयआर ही तक्रारीची नोंद आहे. तिच्यावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही.

पडद्यावर जे येतच नाही

त्याच २०१६ च्या आदेशात लैंगिक गुन्हे, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा), दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांच्या एफआयआर संकेतस्थळावर टाकण्यातून वगळल्या आहेत. म्हणजे पाळणाघर, शिकवणी, शाळेची व्हॅन यांसाठी माणूस पाहताना जे सर्वांत आधी कळायला हवे, तेच ऑनलाइन सर्वांत कमी दिसते. ‘शोधले, काही नाही’ एवढ्यावर मुलांजवळ कोणाला ठेवू नका. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणे बंधनकारक आहे, आणि त्यात कंत्राटी कर्मचारी आणि शिपाई-चालकही येतात. पाळणाघरात मूल घालणाऱ्या आई-बापांनी ती कागदपत्रे मागावीत. चांगले पाळणाघर ती दाखवायला का-कू करणार नाही.

प्रतिबंधक कारवायाही ई-कोर्ट्सवर येत नाहीत. भांडखोर माणसाला शांततेसाठी बाँड लिहून द्यायला लावणे, सराईतावरची कारवाई, तडीपारी, हे सगळे कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे आणि यातले बरेच अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच आले आहेत. ठाण्याला हे माहीत असते, संकेतस्थळाला नसते.

अल्पवयात झालेली प्रकरणे तर शोधूच नयेत. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करते, आणि प्रकरण संपले असेल तर पोलिसांनीही ती नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी द्यायची नसते.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून एखाद्याची पोलीस नोंद मागायचा सल्लाही लोक देतात. वेळ जाईल. वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(जे) खाली नकारच येतो.

पोलीस पडताळणी

भाडेकरू आणि घरकामगारांची माहिती ठाण्यात द्यावी असे आदेश इंदूरमध्ये वेळोवेळी निघतात. ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १६३ खाली निघतात, पूर्वी जुन्या कायद्याच्या १४४ खाली निघत. अशा आदेशाची मुदत साधारण दोन महिन्यांची असते, मग नवा निघतो. म्हणून ‘मागच्या वर्षी दिली होती’ हे चालत नाही. भाडेकरू बदलला की नवी माहिती. आदेश मोडला तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली घरमालकावर गुन्हा होऊ शकतो.

माहिती नागरिक पोर्टलवर भरता येते किंवा ठाण्यात फॉर्म देता येतो. ऑनलाइन भरलीत तर अर्ज क्रमांकाचा कागद छापून भाडेकराराला जोडा. ठाण्यात दिलीत तर शिक्का मारलेली प्रत मागून घ्या, पावतीशिवाय घरी येऊ नका. आणि पावती म्हणजे ‘माणूस चांगला आहे’ असा दाखला नव्हे. तुम्ही कळवले, एवढाच तिचा अर्थ.

निकाल हवा असेल तर उमेदवाराला स्वतःला चारित्र्य प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला सांगा. तोही त्याच पोर्टलवर, त्याच्याच मोबाइल क्रमांकाने होतो. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवायला सांगा, आणि पैशांची अडचण होत असेल तर तो खर्च तुम्ही करा, कारण गरज तुमची आहे. हातात आले की प्रमाणपत्रावर कोणता पत्ता आहे ते पाहा. माणूस सहा महिन्यांपूर्वी इंदूरला आला आणि प्रमाणपत्र फक्त इंदूरच्या खोलीच्या पत्त्यावर घेतले, तर त्यातून सहा महिनेच कळले. मूळ गावच्या पत्त्यावरही घ्यायला सांगा, वेळ जास्त लागला तरी. झेरॉक्सवर विसंबू नका, मूळ प्रत पाहा.

सोसायटीला चौकीदार हवा असेल तर खाजगी सुरक्षा एजन्सीकडून घ्या. २००५ च्या कायद्याप्रमाणे चौकीदाराचे चारित्र्य तपासणे ही एजन्सीची जबाबदारी आहे. एजन्सीचा परवाना आणि त्या विशिष्ट चौकीदाराच्या पडताळणीचा कागद, दोन्ही सोसायटीच्या फाइलमध्ये लावा. चौकीदार बदलून पाठवला की नवा कागद मागा; हेच सगळ्यात जास्त राहून जाते.

महाराष्ट्रातले स्थळ, जळगावचा भाडेकरू

आपल्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. पद्धत तीच, फक्त ई-कोर्ट्सवर राज्य आणि जिल्हा बदला. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर जिल्हा, ठाणे आणि तारखांप्रमाणे पाहता येतात, आणि त्या मराठीत असतात. पुण्यातल्या मुलाचे पाहायचे तर जिल्ह्यातली सगळी कोर्ट कॉम्प्लेक्स एकामागून एक घ्या आणि शिवाय मुंबई उच्च न्यायालय. खानदेशातला माणूस असेल तर जळगाव, धुळे आणि सीमेवरचे बऱ्हाणपूर, तिन्ही.

हाच तो माणूस का?

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही. निकालाची पीडीएफ उघडा. पहिल्याच पानावर आरोपीचे नाव, वडिलांचे नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण असते. त्यातले वडिलांचे नाव जुळले पाहिजे. वय जुळले पाहिजे, आणि तेही त्या वर्षीचे वय. पत्ता त्याने दिलेल्या यादीतल्या एखाद्याशी जुळला पाहिजे. या तिघांपैकी दोन जुळत नसतील तर ती नोंद बाजूला ठेवा. फक्त नाव आणि आडनाव जुळले म्हणून कोणाचा रोजगार घालवणे हे पाप आहे.

पीडीएफ चढवलेली नसेल आणि प्रकरण महत्त्वाचे असेल, तर जिल्हा कोर्टाच्या नकल शाखेत प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो. प्रकरण क्रमांक, निकालाची तारीख, कोर्टाचे नाव लिहा, कोर्ट फी लावा. तुम्ही पक्षकार नसल्याने कारण लिहावे लागते. ‘नोकरीवर ठेवण्यापूर्वी पडताळणी’ असे सरळ लिहा. निकाली प्रकरणाची प्रत मिळणे सोपे, चालू प्रकरणातल्या कागदांना बाहेरच्या माणसाला बहुधा नकार येतो.

जे सापडले ते आधी त्या माणसाला दाखवा आणि विचारा. कित्येकदा तो घरी जाऊन निर्दोष सुटल्याचा निकाल घेऊन येतो, जो संकेतस्थळावर चढलेलाच नसतो. आणि सापडलेली गोष्ट कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. सुटलेल्या माणसाला ‘गुन्हेगार’ म्हटले तर ती बदनामी होते, न्याय संहितेचे कलम ३५६. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातली प्रत पुढे पाठवली आणि पीडितेची ओळख उघड झाली, तर कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भरून घेतलेले पान, छापलेल्या नोंदी आणि पावत्या एका पाकिटात ठेवा; ज्याला कामावर घेतले नाही, त्याचे कागद फाडून टाका.